डॉक्टर विचारतात, घरी कोण आहे?

५ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू म्हणशील, हिला आता काय हवंय? हवंय, म्हणूनच लिहितेय. फोन तू उचलत नाहीस, मेसेज केला तर अंगठ्याचं चित्र पाठवतोस. कागद आला तर निदान फोडशील तरी.

बातमी अशी की माझा उजवा खुबा बदलायचा आहे. घाबरण्यासारखं काही नाही. थोडा कुरकुरतो, एवढंच. डॉक्टरांनी फोटो दाखवला. सांध्यातली गादी झिजून गेलीय आणि हाडावर हाड घासतंय. "कामाला काय करता?" म्हणाले. म्हटलं, "नाटकाच्या पडद्यांच्या कारखान्यात कटिंग करते. मखमलीचं ठाण टेबलावर पसरायचं आणि दिवसभर उभ्यानं कापायचं." ते म्हणाले, "मग गादी उरली असती तरच नवल."

सगळं सुरळीत चाललं होतं. रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, एक दाढ किडलीय ती आधी काढून या म्हणाले, कारण तोंडातला जंतू नव्या सांध्यात जाऊन बसतो म्हणे. आणि मग पेन हातात घेऊन त्यांनी विचारलं, "घरी कोण आहे?"

"वडील आहेत."

"ते तुमचं बघतील?"

"नाही. मी त्यांचं बघते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. दादा, इतका भला माणूस, पण तिथे त्यांचं घोडं अडलं. म्हणाले, "घरी धडधाकट माणूस असल्याशिवाय मी तारीख देणार नाही. ऑपरेशन माझं काम, ते मी चोख करीन. पण पुढचे दीड महिने तुम्ही पडलात, तर माझं काम पाण्यात. माणूस पक्कं करा, मग या."

म्हणून तुला विचारतेय. दीड महिना येशील? बाबांची साखर, सकाळ-संध्याकाळची सुई, आंघोळीला पाणी, एवढंच बघायचं. त्यांचा हात आता फार थरथरतो, पण हुकूम सोडायला हात लागत नाहीत, त्यामुळे तो कारभार व्यवस्थित आहे. रोज दुपारी खिडकीशी बसतात, रस्त्याला डोळे लावून. कोणाची वाट बघतात ते मी विचारत नाही. तुला कळेलच.

तुझी धाकटी

२० फेब्रुवारी

दादा,

उत्तर मिळालं. "सुट्टी नाही. बाई ठेव." चार शब्द. तुझी काटकसर लहानपणापासून आहे.

तर बाई ठेवली. पहिली बाई फार प्रेमळ. इतकी प्रेमळ की बाबांना "बाळ" म्हणायला लागली. बाबांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यांच्या आवाजानं वर्ग चळचळा कापायचा. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं की बाई संध्याकाळचा चहा न घेताच गेली. दुसरी बाई त्यांना न विचारता सुई टोचायला गेली. बाबांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "आधी किती ते सांग, मग टोच." तिला सांगता आलं नाही. तीही गेली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं हे." मला रागही आला आणि हसूही.

आता एक कबूल करते. खुबा "थोडा कुरकुरतो" असं लिहिलं होतं, ते खोटं. मला पायात मोजा घालता येत नाही, दादा. वाकताच येत नाही. कारखान्यात माझ्या हाताखाली एक चष्मेवाली पोरगी आहे, गुणाची आहे, ती रोज टेबलाखाली बसून माझा मोजा सारखा करते. रात्री कुशीवर वळता येत नाही म्हणून खुर्चीतच झोपते. गेल्या आठवड्यात कापता कापता पाय गेला आणि मी ठाणावरच आडवी झाले. मखमल होती म्हणून लागलं नाही. मालक धावत आले, आधी मखमल बघितली, मग मला बघितलं. माणूस वाईट नाही, पण धंदेवाईक आहे. म्हणाले, "पावसाळ्यानंतरची मोठी ऑर्डर आलीय. तुमची जागा ठेवीन म्हणतो, पण शब्द देत नाही."

शब्द देत नाही म्हणजे काय ते मला समजतं. या वयात दुसऱ्या टेबलावर मला कोण उभं करणार?

असो. घराची तयारी मी चालू ठेवलीय. तारीख नसली म्हणून काय झालं! पायपुसणी उचलली, वायरी भिंतीला चिकटवल्या, संडासात धरायला दांडा बसवून घेतला. ऑपरेशननंतर खाली बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये. म्हणून पलंग खाली ठोकळे लावून उंच करायचाय. सुताराला माप दिलंय. माप घेण्यात तरी कोणी माझा हात धरणार नाही.

तुझी धाकटी

११ मार्च

दादा,

सुतारानं ठोकळे बसवले आणि माझं नाक कापलं गेलं. सुताराची चूक नाही, माझीच. ऐक.

कापडाचं माप घेतलं की त्यावर शिलाईसाठी माया सोडायची, ही माझ्या हाडात भिनलेली सवय. जिथे शिवण येणार, तिथे माया. गुडघ्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, गादी दबेल म्हणून थोडी माया सोडली, ठोकळ्याची झीज होईल म्हणून अजून थोडी, आणि मग सवयीनं, कशासाठी ते देव जाणे, आणखी थोडी. कापड शिवणीत जातं. लाकूड कुठे जाणार? सुतार बिचारा आकड्याप्रमाणे करून गेला.

मी स्टुलावर पाय देऊन पलंगावर चढले, बघू तरी म्हटलं. बसले, आणि पाय लोंबकळायला लागले, शाळेच्या बाकावरच्या पहिलीतल्या मुलीसारखे. उतरायला गेले तर स्टूल घसरून लांब गेलं आणि खुब्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली उडी मारावी तर पाय मोडेल. माझा फोन स्वयंपाकघरात. शेजारी कुलूप. बाबा दारात येऊन उभे राहिले. आधी हसले, खूप दिवसांनी. मग माझा चेहरा बघितला आणि हसू थांबलं.

"मी धरतो," म्हणाले.

"बाबा, तुम्ही मला धरलंत तर आपण दोघंही जमिनीवर दिसू."

ते बाहेरच्या खोलीत गेले. घरचा फोन फिरवल्याचा आवाज आला. मला वाटलं, तुला लावतायत. तू तिथून काय करणार होतास, पण सवय. मग त्यांचा आवाज ऐकला. "मी बोलतोय," एवढंच म्हणाले. मग, "ती पलंगावर अडकलीय. तू ये."

दादा, आता सांगते कोण आलं. घटस्फोट झाल्यावर तू बजावून ठेवलं होतंस की तिला यापुढे कोणी वहिनी म्हणायचं नाही. मी तुझं ऐकलं. मनात नव्हतं, पण ऐकलं. रस्त्यात भेटली तर "बरंय ना?" म्हणून पुढे जायचे. आता ऐकणार नाही. वहिनी आली.

आली ती शिकाऊ मुलीलाच गाडी चालवायला लावून आली, कारण ती आता गाडी शिकवते आणि त्या मुलीचा तास चालू होता. दारात गाडी थांबली, डोक्यावर तो मोठा पिवळा फलक, त्यावर ड्रायव्हिंग स्कूलचा नंबर ठळक अक्षरांत. वहिनी आत आली, पलंगाकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं. हसली नाही. गालात दाबलेलं मला दिसलं, पण हसली नाही. मला काखेत धरलं, म्हणाली, "चांगला पाय आधी सरळ कर. वजन माझ्यावर दे. घाई नको, मागच्यानं हॉर्न वाजवला तरी आपण आपल्या वेळेनं निघायचं." आणि मी जमिनीवर उभी.

मग मी बाबांना विचारलं, नंबर कुठून मिळाला? माझ्याकडे नाही, तुमच्याकडे नाही.

ते खिडकीकडे वळले. म्हणाले, "रोज दुपारी गाडी इथून जाते. फलक एवढा मोठा आहे. पाठ होणारच ना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी इतकी वर्षं समजत होते की हे तुझी वाट बघतायत. दादा, तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. पण मलाही वाटलं थोडं, म्हणून एकटीनं का वाटून घ्यायचं?

तुझी धाकटी

२ एप्रिल

दादा,

तारीख मिळाली. महिनाअखेर. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "घरी कोण आहे?" मी तोंड उघडायच्या आत शेजारून उत्तर आलं, "मी आहे. हिची वहिनी." डॉक्टरांनी लगेच तारीख घातली. कागदावर ती माझी कोणी नाही हे मला माहीत आहे, तुला तर जास्तच माहीत आहे. तिथे कोणी कागद मागितला नाही.

ती राहायला आलीय. मीच म्हटलं, येऊन-जाऊन करू नकोस, तुझ्याच नाकी नऊ येतील. तिनं एका अटीवर होकार दिला. म्हणाली, "सकाळचे तास मी सोडणार नाही. गरीब बिचाऱ्या पोरी लायसनच्या परीक्षेला बसलेल्या असतात." माझ्या खोलीत तिची बॅग आहे. एकच. गेली तेव्हाही एकच होती.

दादा, मला हिचं इतकं कौतुक वाटतं की कोणाला सांगू असं झालंय, म्हणून तुलाच सांगते. तुला ते ऐकायचं नसेल, पण पत्र वाचणाऱ्याला मधेच फोन ठेवता येत नाही.

एक, ती बाबांना घाबरत नाही. शेराला सव्वाशेर. पहिल्या दिवशी सुई घेऊन आली, बाबांनी हात मागे घेतला, "आधी किती ते सांग." तिनं सांगितलं. वर विचारलं, "आता तुम्ही सांगा, सकाळी जेवलात किती? खोटं बोलायचं नाही, डब्यातला लाडू गेलाय." त्यांची अशी उलटतपासणी कोणी घेतली नव्हती. हात पुढे आला.

दोन, ती मला चालायला शिकवते. ऑपरेशनच्या आधीच कुबड्या, वॉकर, जिना, सगळं गिरवून घ्यायचं, म्हणजे नंतर पायाला ओळखीचं वाटतं, असं व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मी नेमकं उलट करायची. वहिनी चिडली नाही. ती रोज अशा लोकांच्या शेजारी बसते जे ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतात. तिच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, तो ती शक्यतो दाबत नाही, म्हणे. "मी दाबला की शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमत नाही. म्हणून मी अगदी शेवटपर्यंत थांबते." जिन्यात ती माझ्यापुढे उलटी उतरत असते, हात तयार, पण मला लागत नाहीत. इतका धीर मला कुठून आणता आला असता? मी चष्मेवालीच्या हातातली कात्री दर वेळी हिसकावून घेते.

त्यावरूनही ती मला बोलली. "तू तिला एकटीला कापू देत नाहीस, आणि वर रडतेस की माझ्यामागे कोण कापणार." खरंच आहे. दुसऱ्या दिवशी मी टेबलाच्या या टोकाला खुर्ची टाकून बसले आणि हात मांडीखाली दाबून ठेवले. चष्मेवालीनं मखमल पसरली, लव सगळी एका दिशेला आहे ना ते तळहात फिरवून बघितलं, आणि कापलं. सरळ. माझ्यापेक्षा जरा हळू, पण सरळ. पोरीला रडू फुटलं, मग मलाही.

मालकांचा प्रश्न उरला होता. ते परवा घरी आले, तब्येत विचारायला म्हणून, पण नजर माझ्या पायावर, गिऱ्हाइकाची असते तशी. वहिनीनं चहा दिला आणि विचारलं, "घरून गाडी कोण चालवून आणतं तुम्हाला?" ते म्हणाले, "बायको. चांगली चालवते आता." वहिनी म्हणाली, "हो, माझ्याकडेच शिकली. तीनदा नापास झाली होती. चौथ्यांदा मी म्हटलं, अजून एकदा बसवू. तुम्ही नको म्हणत होतात." मालकांनी चहा संपवला. जाताना मला म्हणाले, "जागा तुमचीच. शब्द दिला."

शिकवायचं म्हणून ती काही बोलली नाही, दादा. नुसतं सांगितलं. आणि अशा बाईला तू टपालानं कागद पाठवलेस. मला तुझा राग आहे. तुझ्यावर माया आहे म्हणून तो इतकी वर्षं गिळला. आता गिळणार नाही, पथ्य चालू आहे.

तुझी धाकटी

४ मे

दादा,

हे पत्र घरून लिहितेय, सरळ पाठीच्या खुर्चीत बसून. ऑपरेशन झालं. नवा खुबा आत बसलाय. दुसऱ्याच दिवशी उभं केलं मला. दुखलं, पण हे दुखणं वेगळं, कापलेल्या जागेचं. ते हाडावर हाड घासणं गेलं. मी उभी राहिले आणि मोठ्यानं रडले, तर नर्स घाबरली, गोळी देऊ का म्हणाली. म्हटलं, राहू दे, मला मजा वाटतेय.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. उशीर झाला, कारण तुझं पत्र आलं ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. तू निघायच्या आत हातात पडावं म्हणून हे कुरिअरनं पाठवतेय.

बाबांना जवळचं दिसत नाही, त्यामुळे पत्र मीच वाचून दाखवते. पाकीट फोडलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. "मी येतोय. पुढच्या आठवड्यात पोचतो, पंधरा दिवस राहीन, बाबांचं बघीन. पण ती घरात असता कामा नये. मी येण्याच्या आत तिनं निघावं." मधेच थांबायचं मला सुचलं नाही. सुचायच्या आधीच ऐकून झालं होतं. वहिनी ओट्याशी भाजी परतत होती.

तिनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले. चेहरा तसाच, शिकाऊ माणसानं गाडी बंद पाडली की असतो तसा. म्हणाली, "बरं झालं. मुलगा येतोय. उद्या सकाळी हिला हॉस्पिटलात पोचवते, मग मी निघते. बाबांच्या सुईचं शेजारी सांगून ठेवीन आठवडाभर."

दादा, मी त्या क्षणी काय विचार केला ते सांगते. तुझ्या येण्याचा आनंद झाला, हे पहिलं. खोटं कशाला बोलू, माझा भाऊ येतोय! आणि लगेच दिवस मोजले. तू आठवड्यानं येणार, पंधरा दिवसांनी जाणार. दीड महिन्याचं काम. मी ऑपरेशन टेबलावर असताना बाबांजवळ कोण, आणि तू गेल्यावर माझ्याजवळ कोण? डॉक्टरांना काय सांगू? तारीख गेली की मालकांची ऑर्डर, जागा, सगळंच गेलं. पण मी तिला थांब म्हणू कुठल्या तोंडानं? घर बाबांचं. पत्र त्यांच्या मुलाचं. मी बाबांकडे बघितलं. इतकी वर्षं त्यांनी तुझ्याविरुद्ध ब्र काढलेला मी ऐकला नव्हता.

वहिनी खोलीत गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

बाबा उठले. काठी न घेता उठले, मी ओरडले तरी थांबले नाहीत. भिंतीला धरत धरत खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. वहिनीनं वर बघितलं.

म्हणाले, "त्या दिवशी तू बॅग घेऊन निघालीस, तेव्हा मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. एक अक्षर वाचत नव्हतो. थांब म्हणालो नाही. आज म्हणतो. थांब."

मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. तू कागद पाठवलेस तेव्हाही नाही. आताही ती फार वेळ रडली नाही. डोळे पुसले, बॅग पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "बाबा, आधी खुर्चीत बसा. सुईची वेळ टळून चाललीय." त्यांना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी किती ते विचारलं नाही. नुसता हात पुढे केला.

सुई झाल्यावर बाबा मला म्हणाले, "कागद घे. त्याला उत्तर लिही." म्हटलं, "उद्या माझं ऑपरेशन आहे, बाबा." म्हणाले, "मग नंतर लिही, पण मी सांगतो तेच लिही." आणि सांगितलं. तेव्हापासून ते मी तोंडपाठ ठेवलंय, भूल दिली तेव्हासुद्धा.

तेच लिहितेय. "ये. तुला बघायचं आहे. पण या घरात कोणी राहायचं, हे बाहेरून येणाऱ्या माणसानं ठरवू नये."

मी विचारलं होतं, "बाबा, बाहेरून येणाऱ्या, असंच लिहू?"

"तसंच लिही," म्हणाले.

तुझी धाकटी